आतड्याच्या देवडीवर
(अन्नातील प्रथिनांचे शोषण आणि पेप्टाइड-वाहक प्रथिने या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)

दुपारी वाटीभर वरण आणि भाकरी खाऊन शेतकरी पुन्हा कामाला लागतो. त्या वरणातील प्रथिने पुढील काही तासांत त्याच्या रक्तात उतरतात आणि तेथून स्नायूंकडे, यकृताकडे, शरीराच्या कानाकोपऱ्याकडे जातात. एवढी गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तूरडाळीचे प्रथिन माणसाच्या स्नायूचे प्रथिन होण्यापूर्वी त्याला वाटेत एक सीमा ओलांडावी लागते. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावरील पेशींचा एकपदरी थर, ही ती सीमा होय. तो थर ओलांडला जात नाही तोवर अन्न पोटात असूनही खऱ्या अर्थाने शरीराबाहेरच असते.

म्हणून पोषणाचा विचार करताना माणसाने काय खाल्ले, एवढे विचारून भागत नाही. खाल्लेल्यापैकी सीमेपलीकडे किती गेले, हेही विचारावे लागते. वारंवार हगवणीने आतडे दुबळे झालेल्या मुलाला खाऊ घालूनही त्याचे वजन वाढत नाही, तेव्हा त्याच्या आईला हा प्रश्न शास्त्राच्या भाषेत ठाऊक नसला तरी त्याची झळ तिलाच पोहोचत असते. प्रथिने ही सीमा कशी ओलांडतात, तेथे त्यांना कोण ओळखते आणि कोण आत घेते, याविषयी गेल्या साठ-सत्तर वर्षांत झालेले संशोधन शरीरशास्त्रातील एक मोठा समज बदलून टाकणारे ठरले आहे.

जुना समज

प्रथिने म्हणजे ॲमिनो आम्लांच्या लांब साखळ्या होत. मण्यांच्या माळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे शेकडो ॲमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन एक प्रथिन तयार होते. निसर्गातील प्रथिनांत सर्वसाधारणपणे वीस प्रकारची ॲमिनो आम्ले आढळतात. दोन आम्ले जोडलेली असली तर त्या तुकड्यास द्विपेप्टाइड, तीन असली तर त्रिपेप्टाइड म्हणतात.

जठरात पेप्सीन आणि पुढे लहान आतड्यात अग्निपिंडाच्या रसातील ट्रिप्सीन, कायमोट्रिप्सीन इत्यादी विकरे या साखळ्या ठिकठिकाणी तोडतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो कोनहाइम यांनी १९०१ मध्ये असे दाखवून दिले की, आतड्याच्या अंतस्त्वचेतही पेप्टाइडांचे तुकडे करून त्यांपासून ॲमिनो आम्ले मोकळी करणारे विकर असते. त्यानंतर भोजनोत्तर रक्तात मुख्यतः सुटी ॲमिनो आम्लेच सापडतात, हेही स्पष्ट झाले. या दोन गोष्टींवरून काढलेला निष्कर्ष सरळ होता : माळेचा प्रत्येक मणी आतड्याच्या पोकळीतच सुटा होतो आणि सुटे मणीच पेशींत शिरतात. जवळजवळ अर्धशतक पाठ्यपुस्तकांतून हेच शिकविले गेले.

या निष्कर्षात एक उणीव होती. रक्तात सुटी आम्ले सापडतात, हे खरे. पण ती आतड्याच्या पोकळीतच सुटी झाली की पेशीच्या आत गेल्यानंतर, हे त्यावरून ठरत नाही. वाड्यातील कोठीत धान्य सुटे दिसले, म्हणजे ते दाराबाहेरच पोत्यातून काढले होते, असे म्हणता येत नाही.

समज बदलला कसा?

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात न्यूई आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये आतड्यावर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, काही द्विपेप्टाइडे अखंड अवस्थेत आतड्याच्या भिंतीत शिरू शकतात आणि तेथे त्यांचे विघटन होते. तरीही हा मार्ग किरकोळ, अपवादात्मक असावा, असेच बहुतेकांना वाटत होते.

१९६८ मध्ये लंडनमधील मॅथ्यूज आणि त्यांचे सहकारी यांनी माणसांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्लायसीन या ॲमिनो आम्लाची सारखीच मात्रा एकदा सुट्या स्वरूपात आणि एकदा दोन किंवा तीन ग्लायसीन जोडलेल्या पेप्टाइडाच्या स्वरूपात देण्यात आली. पेप्टाइडाच्या रूपाने दिलेले ग्लायसीन सुट्या ग्लायसीनपेक्षा अधिक वेगाने शोषले गेले. मणी आधी सुटा करूनच आत घेतला जात असता, तर जोडलेल्या मण्यांना जास्त वेळ लागावयास हवा होता. प्रत्यक्षात उलटे घडले. याचा अर्थ असा की, पेप्टाइडांना स्वतःचे वेगळे प्रवेशद्वार असले पाहिजे.

या अनुमानाला सर्वांत बळकट पुरावा एका दुर्मिळ आनुवंशिक विकाराने पुरविला. लंडनमधील एका कुटुंबात प्रथम आढळलेला आणि १९५६ मध्ये नोंदला गेलेला हा विकार हार्टनप रोग या नावाने ओळखला जातो. त्यात आतडे आणि मूत्रपिंड यांतील पेशींना ट्रिप्टोफॅन, फेनिलॲलानीन, हिस्टिडीन यांसारखी ॲमिनो आम्ले नीट शोषून घेता येत नाहीत. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसीन या जीवनसत्त्वाचा काही भाग तयार करीत असते. त्यामुळे या रुग्णांच्या अंगावर उन्हाचा स्पर्श होणाऱ्या भागांवर पेलाग्राप्रमाणे चट्टे उठतात. पेलाग्रा हा दख्खनच्या डॉक्टरांना अपरिचित रोग नाही. ज्वारी हेच प्रमुख अन्न असलेल्या गरीब वर्गातील पेलाग्राचा अभ्यास हैदराबाद येथे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी केला होता आणि ज्वारीतील ल्यूसीनच्या अधिक प्रमाणाकडे त्यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले होते. तेथे दोष आहारातील होता. हार्टनप रोगात दोष आतड्याच्या दारातील असतो.

परंतु हार्टनप रोगाच्या रुग्णांपुढे एक कोडे होते. जी आम्ले त्यांना शोषता येत नाहीत त्यांपैकी बरीचशी शरीराला अत्यावश्यक असतात. ती शरीरात बनत नाहीत. मग हे रुग्ण जगतात कसे? १९७० मध्ये लंडनमध्ये झालेल्या अभ्यासांनी त्याचा उलगडा केला. अशा रुग्णास सुटे हिस्टिडीन दिले असता ते रक्तात अगदी थोडे उतरले. पण तेच हिस्टिडीन कार्नोसीन या द्विपेप्टाइडाचा घटक म्हणून दिले तेव्हा ते चांगले शोषले गेले. सुट्या आम्लांचे दार बंद असले तरी पेप्टाइडांचे दार उघडे होते आणि त्या दुसऱ्या दारानेच हे रुग्ण पोसले जात होते. ॲमिनो आम्लांच्या त्या बिघडलेल्या दाराची जनुकीय ओळख २००४ मध्ये पटली; परंतु दारे दोन आहेत, हा धडा रुग्णांनी त्याआधीच शिकविलेला होता.

आज असे मानले जाते की, आतड्याच्या पोकळीतील पचनानंतर प्रथिनांचा सुमारे एक तृतीयांश भाग सुट्या ॲमिनो आम्लांच्या आणि सुमारे दोन तृतीयांश भाग लहान पेप्टाइडांच्या रूपात असतो. यांतील मोठ्या तुकड्यांना पेशींच्या पृष्ठभागावरील विकरे आणखी लहान करतात; दोन किंवा तीन आम्लांचे तुकडे मात्र तसेच्या तसे पेशीत शिरू शकतात. पेशीच्या आत गेल्यावर तेथील विकरे त्यांचे विघटन करतात आणि बहुतांशी सुटी आम्लेच पलीकडच्या बाजूने रक्तात सोडली जातात. रक्त तपासणाऱ्या जुन्या संशोधकांना सुटी आम्लेच का दिसली, त्याचे कारण हे होते.

सोडियम नव्हे, हायड्रोजन

पेशीपटल हे मेदाचे असते. पाण्यात विरघळणाऱ्या, विद्युत्भार धारण करणाऱ्या पदार्थांना त्यातून सहजासहजी वाट मिळत नाही. अशा पदार्थांना आत नेण्यासाठी पटलात वाहक प्रथिने बसविलेली असतात. हे काम फुकट होत नाही. पेशीत आधीच जास्त असलेला पदार्थ आणखी आत ओढावयाचा, तर शक्ती खर्च करावी लागते. ती कोठून येते?

साखरेच्या बाबतीत याचे उत्तर १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी सुचविले होते. आतड्यातील ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशीत शिरते. सोडियम बाहेर भरपूर आणि आत कमी असल्यामुळे तो उतारावरून आत येतो आणि येताना ग्लुकोजला बरोबर आणतो. हे केवळ ग्रंथातील ज्ञान राहिले नाही. पटकीच्या रोग्याच्या आतड्यातही ही वाट शाबूत असते, या जाणिवेतूनच मीठ, साखर आणि पाणी यांच्या मिश्रणाचा उपचार पुढे आला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला आणि असंख्य जीव वाचविले. एका वाहकाची कार्यपद्धती समजणे म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण आहे.

पेप्टाइडांचीही वाहतूक सोडियमच्याच जोरावर होत असावी, अशी त्या काळी स्वाभाविक अपेक्षा होती. या अभ्यासात भारतीय संशोधकांचा वाटा उल्लेखनीय आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये दास आणि राधाकृष्णन यांनी माकड आणि माणूस यांच्या आतड्यांवर केलेले काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या पेप्टाइडांसाठी निरनिराळी दारे नसून अनेक पेप्टाइडांना चालणारी एकच विस्तृत यंत्रणा आहे, अशा निष्कर्षाकडे ते काम निर्देश करीत होते. पुढे अमेरिकेतील जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मूळचे भारतीय असलेले वडिवेल गणपती आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक लाइबाख यांनी सशाच्या आतड्यातील व मूत्रपिंडातील पेशींचे पटल वेगळे काढून त्याच्या सूक्ष्म पिशव्या तयार केल्या. पिशवीबाहेरचा द्रव आतल्यापेक्षा अधिक आम्ल केला की द्विपेप्टाइड झपाट्याने आत शिरे. सोडियम असला काय आणि नसला काय, त्याने फरक पडत नसे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून स्पष्ट झाले की, पेप्टाइडाचा जोडीदार सोडियम नसून हायड्रोजनचा आयन, म्हणजेच प्रोटॉन होय.

प्रोटॉनांचा हा उतार आतड्यात कसा राखला जातो? पेशी आपल्या मागच्या बाजूने, म्हणजे रक्ताकडील बाजूने, शक्ती खर्च करून सोडियम सतत बाहेर टाकीत असते. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतो. पुढच्या बाजूला दुसरे एक प्रथिन सोडियमला आत घेते आणि त्याच्या बदल्यात प्रोटॉन बाहेर सोडते. परिणामी आतड्याच्या पृष्ठभागालगत एक पातळ, किंचित आम्ल थर तयार होतो. त्याचा पीएच सुमारे सहा, तर पेशीच्या आतील पीएच सातच्या आसपास असतो. पीएच एका अंकाने उतरला म्हणजे प्रोटॉनांचे प्रमाण दहापट झालेले असते. हे बाहेरचे प्रोटॉन आत येण्यास उत्सुक असतात आणि येताना पेप्टाइडाला बरोबर घेऊन येतात. मोटेने वर काढलेले पाणी पाटात पडावे, पाटाचे पाणी वाफ्यात उतरावे, तशी एका कामाची शक्ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कामास पुरविली जाते.

एक दार, आठ हजार चारशे पाहुणे

या वाहकाचे जनुक १९९४ मध्ये हाती आले. अमेरिकेतील मथायस हेडिगर यांच्या प्रयोगशाळेने सशाच्या आतड्यातील संदेशवाहक आरएनए आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांत घालून पाहिला. एरवी पेप्टाइडांकडे दुर्लक्ष करणारी ती अंडी ज्या आरएनएमुळे पेप्टाइडे ओढून घेऊ लागली, त्याच्या मागावरून वाहकाचा शोध लागला. त्यास पेप्ट-१ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी माणसातील पेप्ट-१ ची रचनाही उलगडली. ७०८ ॲमिनो आम्लांची ही साखळी पेशीपटलातून बारा वेळा आरपार गेलेली असते. मूत्रपिंडात प्रामुख्याने आढळणाऱ्या तिच्या भावंडाला पेप्ट-२ म्हणतात.

आता खरा प्रश्न येतो तो ओळखीचा. वीस ॲमिनो आम्लांपासून ४०० प्रकारची द्विपेप्टाइडे आणि ८,००० प्रकारची त्रिपेप्टाइडे बनू शकतात. यांतील काही लहान, काही मोठी, काही धनभारित, काही ऋणभारित, काही पाण्याला जवळ करणारी तर काही दूर सारणारी असतात. विकरांच्या कार्याचे वर्णन करताना कुलूप आणि किल्ली यांचा दाखला नेहमी दिला जातो. पण येथे एकाच कुलपाला ८,४०० किल्ल्या चालाव्या लागतात. शिवाय तेच कुलूप एकट्या ॲमिनो आम्लाला उघडत नाही आणि चार आम्लांच्या तुकड्यालाही उघडत नाही. इतकी उदार आणि तरीही इतकी काटेकोर ओळख कशी साधते?

याचे उत्तर असे की, पेप्ट-१ पाहुण्याचा पोशाख पाहत नाही; त्याचे दोन हात पाहतो. पेप्टाइड कोणतेही असो, त्याच्या एका टोकाला धनभारित ॲमिनो गट आणि दुसऱ्या टोकाला ऋणभारित कार्बोक्सिल गट असतो. वाहकाच्या पोकळीत एका बाजूस ऋणभारित ग्लूटामेट असते; ते ॲमिनो टोक धरते. समोरच्या बाजूस आर्जिनीनसारखे धनभारित घटक असतात. ते कार्बोक्सिल टोक धरतात. दोन्ही हात असे पकडले गेले की मधल्या शाखा, ज्यांत एका पेप्टाइडाचे दुसऱ्याहून वेगळेपण असते, त्यांना पोकळीतील ऐसपैस कप्प्यांत जागा मिळते. एकटे ॲमिनो आम्ल दोन्ही टोके पुरवू शकते. पण त्यांतील अंतर फार कमी पडते. चार आम्लांच्या तुकड्यात ते फार जास्त होते.

अंतराचे हे महत्त्व जर्मन संशोधकांनी १९९८ मध्ये फार सुंदर रीतीने दाखविले. त्यांनी ज्यात पेप्टाइड बंधच नाही, असे साधे रेणू घेतले. फक्त एका टोकाला धनभार आणि दुसऱ्या टोकाला ऋणभार ठेवला आणि मधले अंतर बदलत नेले. दोन्ही टोकांत सुमारे ०.५ ते ०.६३ नॅनोमीटर अंतर असले की वाहक त्या रेणूला पेप्टाइड समजून आत घेई. ०.५ नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा वीस लाखावा भाग होय. एवढ्या सूक्ष्म मापावर आतड्याच्या दारातील ओळख चालते. वाहकाची आणखीही एक आवड आहे : ॲमिनो आम्लांची उजवी आणि डावी अशी दोन रूपे असतात; त्यांतील सजीवांच्या प्रथिनांत आढळणारे डावे रूपच तो प्राधान्याने स्वीकारतो.

या वाहकाची हालचाल समजण्यास जुन्या वाड्याच्या देवडीचा दृष्टांत उपयोगी पडेल. देवडीला एक दार रस्त्याकडे आणि एक चौकाकडे असते. कडक पहारा असलेल्या देवडीत बाहेरचे दार उघडे असताना आतले बंद असते. पाहुणा आत आला, त्याची ओळख पटली, की बाहेरचे दार लागते आणि मगच आतले उघडते. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवली तर पहाऱ्याला अर्थ उरत नाही. पेप्ट-१ च्या बारा पट्ट्यांपैकी सहा एका बाजूस आणि सहा दुसऱ्या बाजूस असतात. पेप्टाइड आणि प्रोटॉन पोकळीत बसले की हे दोन अर्धभाग एकमेकांवर झुकतात, बाहेरचे तोंड मिटते आणि आतले उघडते. पेशीच्या आत प्रोटॉन सुटतो, पेप्टाइडाची पकड सैल होते आणि ते मोकळे होते. रिकामा वाहक पुन्हा बाहेरच्या बाजूस उघडतो.

हे चित्र बराच काळ अप्रत्यक्ष पुराव्यांवर उभे होते. प्रथम जिवाणूंतील सजातीय वाहकांची रचना २०११ पासून उपलब्ध होऊ लागली. २०२१ मध्ये मात्र अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी माणसातील पेप्ट-१ व पेप्ट-२ यांची, तर ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी उंदरातील पेप्ट-२ ची रचना प्रसिद्ध केली. द्विपेप्टाइड आपली दोन्ही टोके विरुद्ध भारांच्या स्वाधीन करून पोकळीत बसलेले त्यांत दिसले. १९७५ मध्ये ज्या ‘विस्तृत यंत्रणे’चे केवळ अनुमान करता आले होते, ती आता प्रत्यक्ष नजरेसमोर आली.

औषधांची वाट

ओळख जर दोन टोकांवरून होत असेल, तर पेप्टाइडासारखे दिसणारे अन्य रेणूही या दारातून आत येऊ शकतील. तसे ते येतातही. सेफॅलेक्झिन, सेफॅड्रॉक्झिल यांसारखी प्रतिजैविके रचनेने त्रिपेप्टाइडाशी साम्य राखतात. ती तोंडाने घेतली असता चांगली शोषली जातात, याचे एक प्रमुख कारण पेप्ट-१ आहे. ही औषधे शोधली गेली तेव्हा हा वाहक माहीत नव्हता. वापर आधी आणि कारणाचा उलगडा मागाहून, असे येथे घडले.

पुढे या ज्ञानाचा जाणीवपूर्वक उपयोग होऊ लागला. नागीण या त्रासदायक रोगावरील ॲसायक्लोव्हिर हे औषध गुणकारी आहे. पण तोंडाने घेतले असता त्याचा साधारणपणे १० ते २० टक्के भागच रक्तात पोहोचतो. त्या रेणूला व्हॅलीन हे ॲमिनो आम्ल जोडले की व्हॅलासायक्लोव्हिर तयार होते. वाहक त्यास पेप्टाइडासारखे मानून आत घेतो, शरीरात गेल्यावर व्हॅलीन गळून पडते आणि मूळ औषध मोकळे होते. या युक्तीमुळे रक्तात पोहोचणारे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. रोग्याला गोळ्या घेण्याच्या वेळा कमी झाल्या, हा यातील व्यवहारातील लाभ होय.

मूत्रपिंडातील पेप्ट-२ चे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. माणसाच्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्याबरोबर निघालेली लहान पेप्टाइडे वाया जाऊ नयेत म्हणून पेप्ट-२ ती पुन्हा उचलून घेतो. आतड्यातील पेप्ट-१ ची पकड सैल असते, कारण जेवणानंतर त्याच्यापुढे पेप्टाइडांची रास पडलेली असते. पेप्ट-२ ची पकड घट्ट असते, कारण त्याला थोड्यातून वेचावयाचे असते. खळ्यावर धान्य पाटीने भरतात आणि सांडलेले दाणे मात्र एकेक वेचतात, तसाच हा भेद आहे.

मर्यादा आणि गैरसमज

या शोधाचा अर्थ काढताना सावधगिरीही हवी. इन्सुलिन हेही ॲमिनो आम्लांचेच बनलेले आहे. मग मधुमेही रुग्णाने ते टोचून का घ्यावे, गिळून का घेऊ नये, असा प्रश्न विचारला जातो. इन्सुलिनमध्ये ५१ ॲमिनो आम्ले असतात. दोन किंवा तीन आम्लांपुरत्या असलेल्या या दारातून ते अखंड जाणे शक्य नाही आणि त्याआधीच पाचक विकरे त्याचे तुकडे करतात. तुकडे आत गेले तरी त्यांत इन्सुलिनचा गुण उरत नाही.

दुसरा गैरसमज बाजारातील जाहिरातींनी निर्माण केलेला आहे. पेप्टाइडे जलद शोषली जातात, म्हणून धडधाकट माणसाने ती डब्यातून विकत घ्यावीत, असे नाही. निरोगी आतडे वरण, उसळ, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिनांपासून ही पेप्टाइडे स्वतःच तयार करते. मग तयार तुकड्यांचा उपयोग कोणाला? ज्यांचे आतडे किंवा अग्निपिंड आजारी आहे त्यांना. स्प्रू या शोषणविकाराच्या रुग्णांत, पृष्ठभाग खराब झालेला असतानाही, द्विपेप्टाइडांचे शोषण सुट्या आम्लांच्या मानाने कमी बिघडते, असे अमेरिकेतील सिआमाक आदिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले. प्राण्यांवरील प्रयोगांत उपवासाच्या काळात आतड्यातील पेप्ट-१ चे प्रमाण वाढलेले आढळते. संकटाच्या वेळी शरीर ज्या दारांवर पहारा टिकवून धरते त्यांपैकी हे एक असावे. म्हणूनच काही गंभीर रुग्णांना आणि दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या बालकांना, वैद्यकीय देखरेखीखाली, आधीच विघटित केलेली प्रथिने असलेले अन्न दिले जाते. ॲलर्जीच्या बाबतीत हेतू वेगळा असतो; तेथे शरीर ज्याला शत्रू समजते असा मोठा तुकडाच शिल्लक राहू नये, हे पाहिले जाते.

निसर्ग एकाच दारावर विसंबून राहत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पेप्ट-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर प्रयोगशाळेत जगतात, वाढतात आणि वरकरणी निरोगी दिसतात, कारण सुट्या आम्लांची दारे त्यांना साथ देतात. हार्टनप रोगाच्या रुग्णांत सुट्या आम्लांचे दार बंद असताना पेप्टाइडांचे दार साथ देते; या उंदरांत त्याच्या उलट घडते. दोन्ही उदाहरणे मिळून एकच गोष्ट सांगतात : प्रथिनांसारख्या महत्त्वाच्या अन्नघटकासाठी शरीराने दोन स्वतंत्र वाटा राखून ठेवल्या आहेत आणि एक बंद पडली तरी दुसरीने निभावून नेता येते.

मात्र दोन्ही वाटांवर पहारेकरी उभे असले, तरी रस्त्याने कोणी येतच नसेल तर त्यांचा उपयोग काय? १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ती ताटात पडली नाहीत तर जगातील कोणताही वाहक त्यांची भरपाई करू शकत नाही. तसेच अशुद्ध पाण्यामुळे वारंवार हगवण होऊन आतड्याचे रसांकुर झिजले, तर ताटात पडलेलेही पुरते पदरात पडत नाही. तीव्र कुपोषित बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रांत दाखल केल्यावर एकदम भरपूर जेवण न देता प्रथम थोड्या थोड्या अंतराने, मोजक्या प्रमाणात दुधाचे विशेष मिश्रण दिले जाते. शरीराची घडी नाजूक झालेली असताना तिच्यावर एकदम भार टाकू नये, ही त्यामागील दृष्टी आहे. आतड्याच्या पृष्ठभागावरील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येत असतात. हगवण थांबली, पाणी स्वच्छ मिळाले आणि अन्न नियमित पोटात जाऊ लागले, म्हणजे झिजलेल्या जागी नव्या पेशी उभ्या राहू लागतात आणि त्यांच्याबरोबर नवे वाहकही येतात.

स्वच्छ पाणी, वेळेवर उपचार आणि पुरेसे प्रथिनयुक्त अन्न या गोष्टी आरोग्यसेविका घरोघरी सांगत असतात. त्या सांगण्यामागे किती सूक्ष्म शास्त्र उभे आहे, हे पेप्टाइड-वाहकाच्या या कथेवरून ध्यानात यावे. वाटीभर वरणाचा प्रवास ताटापासून स्नायूपर्यंत पूर्ण व्हावयाचा, तर ताट भरलेले हवे आणि देवडीही शाबूत हवी.